यिर्मया 7:22 आणि लेवीय : बळी सांगितले होते की नव्हते?

चरईवाली

आमच्याकडे दर मंगळवारी रात्री साडेआठला बायबल अभ्यास भरतो. ठाण्यात, चरईत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चालू असो वा नसो. आठ-नऊ जणं येतात, निम्मे सत्तरीच्या पुढचे. यंदा जानेवारीत ठरवलं की आवडीची वचनं वेचून वाचणं पुरे झालं. उत्पत्तीपासून सलग जायचं, काही गाळायचं नाही.

लेवीय, म्हणजे बळींच्या नियमांचं तिसरं पुस्तक, आल्यावर तोंडं वाकडी झाली, पण गाळलं नाही. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जनावर दर्शनमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) दाराशी आणायचं, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, कापायचं, रक्त वेदीच्या चारी बाजूंना टाकायचं, कातडं सोलायचं, तुकडे करायचे, आतडी आणि पाय पाण्याने धुवायचे आणि सगळं रचून जाळायचं. हे झालं होमार्पण. शिवाय अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तीही परवडत नसतील तर एफाचा (हे धान्याचं जुनं माप) दहावा हिस्सा सपीठ. मला हे शेवटचं आवडलं होतं. गरिबाची सोय केलेली दिसते.

तर गेल्या मंगळवारी यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकाचा सातवा अध्याय होता. खाली गल्लीतून गणपती चाललेले, ताशा असा की वाचणाऱ्याला दोनदा थांबावं लागलं. आणि तिसऱ्यांदा ताशा नसताना थांबावं लागलं, कारण 22वं वचन आलं. माझ्या शब्दांत: "तुमच्या पूर्वजांना मिसर देशातून बाहेर आणलं त्या दिवशी होमार्पण आणि यज्ञ यांविषयी मी त्यांच्याशी बोललो नाही, तशी आज्ञाही केली नाही." पुढे लगेच: माझं ऐका, एवढंच सांगितलं होतं.

अभ्यास घेणारे म्हणाले, "भाव बघा, शब्दांत अडकू नका," आणि पान उलटलं. आमच्यातल्या एक मावशी आहेत, 78 वर्षांच्या, सगळी नोकरी नर्स म्हणून केलेली. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मग आपण मार्चमध्ये काय वाचलं?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. चहा आला. म्हणून इथे विचारते. सश्रद्ध, अश्रद्ध, कुणीही सांगा, फक्त "भाव बघा" नको.

शंकेखोर

विसंगती आहे. बास. दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या काळात लिहिलं, नंतर कुणीतरी एका पुठ्ठ्यात बांधलं. चहा कसा होता?

चरईवाली

चहा बरा होता. पण बांधणाऱ्याला वाचता येत होतं ना? त्याला दिसलं नसेल का? माझा प्रश्न तिथे आहे.

नेरुळचा_पाळकपुत्र

वडील तीस वर्षं पाळक होते, त्यामुळे हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर वाढलेला आहे. ते द्यायचे ते उत्तर देतो.

इब्री बोलीत "हे नको, ते हवं" याचा अर्थ पुष्कळदा "याच्यापेक्षा ते जास्त हवं" असा असतो. पुरावा होशेय 6:6. पहिला अर्धा भाग: मला दया पाहिजे, यज्ञ नको. दुसरा अर्धा भाग: होमार्पणांपेक्षा देवाचं ज्ञान अधिक. एकाच वचनात आधी "नको" आणि मग "पेक्षा". म्हणजे त्या "नको"चा अर्थ वचनच सांगतं.

आणि आपण मराठीत वेगळं काय बोलतो? दिवाळीला आई फोनवर म्हणते, "मला साडीबिडी काही नको, तू ये." म्हणून कुणी रिकाम्या हाताने जाऊन बघा.

दुसरी गोष्ट, यशया 1. तिथे देव म्हणतो, तुमच्या मेंढ्यांच्या होमांनी मला वीट आला. पण त्याच दमात चंद्रदर्शन, शब्बाथ, सणांचे मेळे यांचाही वीट येतो आणि 15व्या वचनात म्हणतो, कितीही प्रार्थना करा, मी ऐकणार नाही, तुमचे हात रक्ताने भरलेत. आता संदेष्टे बळींच्या विरुद्ध होते म्हणायचं तर प्रार्थनेच्याही विरुद्ध होते म्हणावं लागेल. ते कुणी म्हणत नाही. रोख विधीवर नाही, विधी करून पुन्हा विधवेचं घर लाटणाऱ्यावर आहे. शमुवेल संदेष्टा शौल राजाला तेच सांगतो, 1 शमुवेल 15:22, आज्ञा पाळणं यज्ञाहून बरं.

जुनं_पुराणं

पाळकपुत्र, होशेय आणि यशयाबाबत तुमचं म्हणणं मान्य. आईची साडीही मान्य. पण यिर्मया 7:22 त्या साच्यात बसत नाही.

होशेय आवडनिवड सांगतो. यिर्मया घडलेली गोष्ट सांगतो: अमुक दिवशी मी अमुक बोललो नाही. आई "मला साडी नको" म्हणाली तर तिचं मन कळतं. "मागच्या दिवाळीला मी साडी मागितलीच नव्हती" म्हणाली तर ते खरं तरी असतं नाहीतर खोटं तरी. इंग्रजीतल्या एनआयव्ही भाषांतराला ही अडचण जाणवली असावी. तिथे "मी केवळ होमार्पणांच्याच आज्ञा दिल्या नाहीत" अशा अर्थाचं वाक्य आहे. मूळ इब्रीत तो "केवळ" नाही. एक छोटा शब्द खिशातून काढून ठेवला की प्रश्नच मिटतो. याला आपल्याकडे मखलाशी म्हणतात.

"त्या दिवशी" या शब्दांवर जोर देऊन सुटका करणारेही आहेत. म्हणजे निघाले त्या दिवशी नाही सांगितलं, सीनाय पर्वतावर आधी दहा आज्ञा आल्या, लेवीयातले नियम मंडप उभा राहिल्यावर, दुसऱ्या वर्षी. छान. पण मग निर्गम 12चं काय? मिसरातली शेवटची रात्र, कोकरू कापा, रक्त दाराच्या चौकटीला लावा, आणि 27व्या वचनात त्याला नाव दिलंय झेवाख, यज्ञ. यिर्मयाने वापरलाय तोच शब्द. त्याच्याही आधी मोशे फारोकडे सुट्टी मागतो ती कशासाठी? तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन यज्ञ करायला. निर्गमाची गोष्ट सुरूच यज्ञाच्या अर्जाने होते.

आमोस 5:25ही जोडीला घ्या. अरण्यातल्या चाळीस वर्षांत तुम्ही मला यज्ञ आणि अर्पणं आणलीत का? प्रश्नाचा सूर असा की उत्तर "नाही" आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत असावं.

1878 साली वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने यावरूनच म्हटलं की याजकांचे तपशीलवार नियम संदेष्ट्यांच्या नंतरचे आहेत, यिर्मयाच्या हातात आपल्यासारखं लेवीय नव्हतंच. त्याचं सगळं आज कुणी जसंच्या तसं घेत नाही. याकोब मिल्ग्रोम यांनी उलट बाजू मांडली की होमार्पण आणि यज्ञ ही जोडी लोकांनी स्वखुशीने आणायच्या अर्पणांसाठी वापरतात, देवळाच्या रोजच्या नेमाच्या बळींविषयी यिर्मया बोलतच नाही. मला मिल्ग्रोम ओढून ताणून वाटतात, पण माणूस लेवीयावर आयुष्य घालवलेला, तेव्हा जपून बोलतो.

शंकेखोर

मी एका ओळीत सांगितलं तेच, पण दाढी लावून.

दिवाळेकर

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून लिहितोय. ख्रिश्चन नाही, बायबल वाचलेलं नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या घरी एकवीरेला बोकडाचा नवस असायचा. कार्ल्याला जायचं, ट्रक करून, रात्री निघायचं. आजोबांच्या तोंडून मी एकदाही "देवीला मटण लागतं" असं ऐकलं नाही. भांडणं व्हायची ती मानावरून. मुंडी कुणाच्या ताटात, पहिला वाटा कुणाला, मानकरी कोण, धाकट्या काकाला यंदा विचारलं का. एकदा यावरून दोन घरं सहा वर्षं बोलत नव्हती. आता वडिलांनी नारळ आणि कोहळ्यावर आणलंय. आजी गेली तोवर म्हणायची, कोहळ्याला काय चव.

तुमच्या पुस्तकात वाटे कसे असतात हे कुणी सांगेल का? मला वाटतं खरी भानगड तिथे असणार.

जुनं_पुराणं

दिवाळेकर दादा, दंडवत घ्या. नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

लेवीय 7 म्हणतं याजकाचा वाटा छाती आणि उजवी मांडी. अनुवाद 18:3 म्हणतं खांदा, दोन्ही गालफडं आणि पोटाचा कोथळा. (नवख्यांसाठी: "अनुवाद" हे पाचव्या पुस्तकाचं नाव आहे, भाषांतराशी संबंध नाही. मीही कॉलेजात फसलो होतो.) आता जो माणूस जनावर घेऊन दारात उभा आहे त्याने नक्की काय कापून द्यायचं? नंतरच्या यहुदी परंपरेने तोड काढली की एक नियम देवळातल्या अर्पणाचा आणि दुसरा घरी खाण्यासाठी कापलेल्या जनावराचा. तोड म्हणून नीटस आहे. पण तोड काढावी लागली, हेही खरं.

आणि 1 शमुवेल 2 वाचाच. शिलो नावाच्या गावी देऊळ होतं, एली तिथला मुख्य याजक, त्याची पोरं वाया गेलेली. लोक यज्ञाचं मांस पातेल्यात शिजवत असताना याजकाचा गडी तीन दात्यांचा काटा घेऊन यायचा, पातेल्यात, कढईत, हंड्यात खुपसायचा, जे वर येईल ते याजकाचं. पुढे पुढे तर म्हणायला लागले, शिजलेलं नको, कच्चंच दे, आम्हाला भाजायचंय. माणूस म्हणाला, आधी चरबी तरी जळू दे, मग हवं ते घे, तर म्हणायचे, आत्ता देतोस की हिसकावून घेऊ?

आता यिर्मयाकडे या. त्याच सातव्या अध्यायात, बळींचं बोलण्याआधी, तो यरुशलेमच्या देवळाच्या दारात उभा राहून म्हणतो: शिलोला जाऊन बघा, मी त्याचं काय केलं ते. हाच शिलो. आणि यिर्मया कोण? पहिल्याच वचनात लिहिलंय, अनाथोथ गावच्या याजकांपैकी. अनाथोथला कोण याजक राहत होते? 1 राजे 2:26-27 बघा: शलमोनाने अब्याथार याजकाला यरुशलेमातून काढून अनाथोथला धाडलं, आणि पुस्तक सांगतं की एलीच्या घराण्याविषयी शिलोत बोललं गेलेलं तेव्हा पुरं झालं.

म्हणजे यरुशलेमच्या देवळातून तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हाकललेल्या याजक घराण्याच्या गावचा माणूस त्याच देवळाच्या दारात उभा राहून सांगतोय की तुमचे बळी देवाने मागितले नव्हते. यिर्मया थेट अब्याथारच्या वंशातला होता असं पुस्तक म्हणत नाही. पण गाव तेच, धंदा तोच. भाऊबंदकी हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

नेरुळचा_पाळकपुत्र

अनाथोथचा दुवा भारी आहे, हे वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. पण संदेष्ट्याचं सगळं बोलणं घराण्याच्या रागापर्यंत आणून ठेवू नका. 26व्या अध्यायात याजक त्याला मारायलाच निघतात, आणि त्याला वाचवणारे गावचे वडीलजन मीखाचं नाव घेतात, की त्यानेही सियोन (यरुशलेम) नांगरलं जाईल असं म्हटलं होतं आणि हिज्कीया राजाने त्याला मारलं नाही. मीखा काही अनाथोथचा नव्हता. तरी हजारो मेंढरं आणि तेलाच्या दहा हजार नद्या यांची थट्टा त्यानेही केलीच की (6:7).

चरईवाली

थांबा, माझा मूळ प्रश्न सुटला नाही. यिर्मया रागावला, समजलं. मग त्याचं ते वाक्य याजकांनी पुस्तकात राहू कसं दिलं?

संपादक मंडळ

धागा चांगला चाललाय. पशुबळी कायद्याने बंद करावेत का, यावर आलेले सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषय सोडू नये.

फुगेवाली

मी चरईचीच, पण कॅथलिक, ईस्ट इंडियन. आमच्याकडे या वादाची दुसरीच गंमत आहे. आम्ही रविवारी जातो त्याला मिस्साबलिदान म्हणतो. बलिदान! आणि त्याच मिस्सात कधी कधी इब्री लोकांस पत्रातलं वाचन येतं की बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पापं दूर करूच शकत नाही, 10:4. लहानपणी मी फादरना विचारलं होतं की लेवीयात तर लिहिलंय, याजकाने प्रायश्चित्त केलं की त्यांना क्षमा होईल. मग ती झाली की नाही झाली? फादर म्हणाले, ती पुढच्या बलिदानाची छाया होती. छायेत बकरा खराच मरत होता ना, असं मी म्हणाले आणि आईने दंडाला चिमटा काढला. डाग अजून असेल.

पण मी आले ते स्वयंपाकासाठी. वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचं, कोकरू. निर्गम 12:9: कच्चं खाऊ नका, पाण्यात उकडून खाऊ नका, विस्तवावर भाजूनच खा. अनुवाद 16:7 मध्ये त्याच सणाच्या त्याच मांसासाठी शब्द आहे बाशल, म्हणजे शिजवा, उकडा. आणि सगळ्यात कळस 2 इतिहास 35:13, जिथे योशीया राजाचा वल्हांडण आहे. तिथल्या लेखकाने काय केलं? इब्रीत शब्दशः आहे, वल्हांडण "विस्तवावर बाशल केला", विधीप्रमाणे. बाकीचं मांस पातेल्यात. बिचाऱ्याच्या समोर दोन्ही पुस्तकं होती आणि त्याने दोघांचाही एकेक शब्द उचलला.

माझी सासू असंच करते. अर्धा घर रोस्ट मागतं, अर्धं मोईली, मग ती एकाच पातेल्यात आधी भाजते मग रस्सा घालते आणि कुणीच खूश होत नाही.

नेरुळचा_पाळकपुत्र

फुगेवाली, बाशल म्हणजे पाण्यातच असं नाही. 2 शमुवेल 13:8 मध्ये तामार पोळ्या करते तिथेही बाशल आहे. पोळ्या कोण उकडतं? आणि निर्गमात मनाई आहे ती "पाण्यात" असा खास शब्द घालून. इतिहासकाराची चूक नाही, त्याने शब्द उलगडून दाखवला.

फुगेवाली

पोळ्यांचं मान्य. पण मग तो शब्द एवढाच मोकळा असता तर त्याला उलगडायची गरज का पडली असती?

(आणि उकडलेल्या पोळ्यांना आमच्याकडे सान्ना म्हणतात, बरं का.)

टेंभीनाक्याचा

चरईवाली ताई, तुमच्या "राहू कसं दिलं" या प्रश्नावर लिहितो. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. टेंभीनाक्याला आमचं सिनेगॉग आहे, शआर हाशामाईम, 1879 सालचं. आजी मशीदच म्हणायची, आमच्यातले सगळे जुने लोक म्हणायचे. वल्हांडणाला ती "अनशी धाकाचा सण" म्हणायची आणि योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, "दार फळणीचा सण". त्यामुळे आमच्या घरी बायबलचा संबंध बायबलच्या मराठीशी नव्हता, आमच्याच मराठीशी होता.

आता मुद्दा. आम्ही तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वर्षभरात क्रमाने वाचतो, दर शनिवारी एक भाग. प्रत्येक भागाला संदेष्ट्यांमधला एक तुकडा जोडलेला असतो, त्याला हफ्तारा म्हणतात. लेवीयाच्या सहाव्या अध्यायापासून सुरू होणारा भाग आहे "त्साव". पूर्ण भाग बळींचा: रात्रभर वेदीवरची आग विझू द्यायची नाही, राख कुठे टाकायची, कुणी काय खायचं, आणि तुमची ती छाती आणि उजवी मांडी. या भागाला जोडलेला हफ्तारा कोणता असेल, सांगा?

यिर्मया 7:21पासून पुढे.

म्हणजे त्याच सकाळी, त्याच जागी, आधी उभं राहून वाचायचं की देवाने मोशेला होमार्पणाचा नियम असा असा सांगितला, आणि वीस-पंचवीस मिनिटांत वाचायचं की होमार्पणाविषयी मी काही बोललोच नव्हतो. पुष्कळ वर्षी हा शनिवार वल्हांडणाच्या आधीचा मोठा शब्बाथ ठरतो, तेव्हा यिर्मयाऐवजी मलाखी वाचतात, म्हणून नेहमी ऐकू येत नाही. पण जोडणी तीच आहे. ज्यांनी ती केली त्यांना विसंगती दिसली नव्हती असं म्हणणं शक्य नाही. सगळ्या यिर्मयातून हाच तुकडा उचलून त्यांनी तिच्यासमोर बसवला.

चरईवाली

मी हे वाचून पाच मिनिटं गप्प बसले होते. आम्ही मार्च आणि सप्टेंबर यात सहा महिने घातले, तुम्ही पंचवीस मिनिटं.

टेंभीनाक्याचा

आणखी थोडं, कारण सुरुवात केलीच आहे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी देऊळ पाडलं आणि बळी थांबले. परंपरेत गोष्ट आहे: योहानान बेन झक्काई आपल्या शिष्याबरोबर यरुशलेमहून येत होते, शिष्य पडकं देऊळ बघून रडला, इस्राएलच्या पापांचं प्रायश्चित्त व्हायचं ती जागाच गेली. योहानान म्हणाले, दुःख करू नकोस, तितकंच मोठं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, दयेची कामं, कारण लिहिलंय, मला दया पाहिजे, यज्ञ नको. पाळकपुत्रांचं होशेय 6:6. तेच वचन मत्तयात येशू दोनदा म्हणतो. दोन घरांनी एकच वचन घेतलं आणि दोन वाटांनी गेले.

आमच्या दुपारच्या प्रार्थनेचं नाव मिन्हा, म्हणजे अन्नार्पण. अर्पण गेलं, नाव आणि वेळ राहिली. आणि शब्बाथ-सणांच्या जादा प्रार्थनेत, म्हणजे मुसाफमध्ये, आम्ही आजही बळी परत सुरू होवोत असं मागतो. दोन्ही चालू.

यावर सगळ्यात मोठं भांडण दोन मोठ्या माणसांचं. मैमोनिदेस बाराव्या शतकातला यहुदी पंडित. तो म्हणाला, लोकांना बळींची सवय होती, सवय एका दिवसात सुटत नाही, म्हणून देवाने ती बंद न करता स्वतःकडे वळवली. मिसरातून निघाल्यावर जवळच्या पलिष्ट्यांच्या वाटेने न नेता वळसा घालून नेलं तसं. आणि आधाराला त्याने घेतलं हेच, यिर्मया 7:22. तेराव्या शतकात नाहमानिदेस त्याच्यावर तुटून पडला: हाबेलाने अर्पण आणलं, नोहाने वेदी बांधली, तेव्हा जगात मूर्तिपूजा कुठे होती की तिची सवय मोडायची? आणि मजा म्हणजे त्याच मैमोनिदेसने आपल्या कायद्याच्या ग्रंथात बळींचे नियम बारीकसारीक लिहून काढलेत, मशीहा आला की पुन्हा लागतील म्हणून.

घरात आम्ही नवस बोलतो एलियाहू हन्नबीला (एलीया संदेष्ट्याला), आणि फेडतो मलिद्याने. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा, फळं. आजी त्याला अर्पण म्हणायची की प्रसाद, ते दिवसावर असायचं. दिवाळेकर, तुमच्या आजीच्या कोहळ्याचं ऐकून मला आमचा मलिदा आठवला. चवीला मात्र मलिदा जिंकेल.

दिवाळेकर

एकदा खायला बोलवा, मग ठरवू. एक विचारतो. आम्हाला नवस फेडायला कार्ल्याला जावं लागतं, गावात गावदेवी असली तरी. तुमच्यात कुठेही चालायचं का?

जुनं_पुराणं

यावर तर अख्खं राज्य हललं, दादा. निर्गम 20:24 म्हणतं मातीची वेदी बांधा, जिथे जिथे मी माझं नाव स्मरायला लावीन तिथे येईन. अनुवाद 12 म्हणतं नाही, एकच जागा. योशीयाने इ.स.पू. 622च्या सुमारास गावोगावच्या वेद्या फोडल्या आणि सगळं यरुशलेमला आणलं. मग गावच्या माणसाने मटण खायचं कधी? लेवीय 17 म्हणतं मंडपाच्या दारात न आणता बैल, कोकरू, बकरा कापला तर खुनाचा दोष. अनुवाद 12:15 म्हणतं मन होईल तेव्हा तुझ्या गावात काप आणि खा, हरणासारखं, फक्त रक्त जमिनीवर ओत. कार्ल्याला गेल्याशिवाय घरी कोंबडी शिजवायची नाही असं आजोबांना सांगून बघितलं असतं तर दुसरा नियम का लागला ते कळलं असतं.

आणि एक फार आवडती गोष्ट. इजिप्तमध्ये नाईल नदीत एलेफंटाइन नावाचं बेट आहे. तिथे यहुदी शिपायांची वस्ती होती, त्यांचं स्वतःचं देऊळ होतं, बळी द्यायचे, एकच जागा वगैरे काही नाही. इ.स.पू. 410 मध्ये ते पाडलं गेलं. 407 साली त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला अर्ज लिहिला, तो पपायरसवर सापडलाय. देऊळ पुन्हा बांधायला पाठिंबा द्या, आम्ही अन्नार्पण, धूप आणि होमार्पण करू, म्हणून. उत्तर आलं: बांधा, अन्नार्पण आणि धूप करा. होमार्पणाचं नाव नाही. नकारही नाही. सरकारी उत्तर कसं असतं ते तेव्हापासून तसंच आहे.

शंकेखोर

या धाग्यावर मी पहिल्यांदा काही शिकलो. पाळकपुत्र, स्तोत्र 51 राहिलं बरं का. तुमचा बालेकिल्ला.

नेरुळचा_पाळकपुत्र

मुद्दाम टाळत होतो. बरं. 16-17: तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर मी दिला असता, देवाचे यज्ञ म्हणजे भग्न हृदय. वडील प्रत्येक अंत्यविधीला हे म्हणायचे. आणि ते नेहमी 17ला थांबायचे. 18-19 मी कॉलेजात गेल्यावर वाचलं: सियोनेचं भलं कर, यरुशलेमेच्या भिंती बांध, मग यज्ञ तुला आवडतील, मग तुझ्या वेदीवर बैल चढतील.

स्तोत्राच्या वर लिहिलंय दावीदाचं. दावीदाच्या काळी भिंती पडल्या नव्हत्या. भिंती पडल्या इ.स.पू. 586च्या आसपास बाबेलच्या हल्ल्यात. पुष्कळ अभ्यासक म्हणतात शेवटची दोन वचनं नंतर कुणीतरी जोडली. मला आता तो जोडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. देऊळ पडलेलं, परदेशात बसलाय, 17पर्यंत गातो आणि त्याला राहवत नाही. त्याने आधीचं खोडलं नाही. खाली दोन ओळी लिहिल्या. इथे आपण करतोय तसं.

वडील असते तर या परिच्छेदावर रागावले असते. किंवा नसते.

फुगेवाली

आमच्या लोकांसाठी एक काडी टाकून पळते. प्रेषितांची कृत्ये 21. येशू वर गेल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी पौल यरुशलेमच्या देवळात जातो आणि नवस केलेल्या चार माणसांच्या अर्पणांचा खर्च देतो. गणना 6 काढून बघा त्या अर्पणांत काय काय येतं. पापार्पणाची मेंढी आहे.

चरईवाली

अपडेट. काल मंगळवार होता. मी अभ्यास घेणाऱ्यांना आधी फोन करून सांगितलं, दहा मिनिटं द्या. टेंभीनाक्याच्या दादांनी सांगितलं तसं केलं: लेवीय 6 आणि 7 मोठ्याने वाचलं, मध्ये काही न बोलता लगेच यिर्मया 7, 21पासून. ताशा नव्हता. 21वं वचन या वेळी वेगळं ऐकू आलं, "होमार्पणं यज्ञांत मिसळा आणि मांस खा". नुकतंच वाचलं होतं की होमार्पण पूर्ण जाळायचं, त्यातलं कुणी खात नाही. म्हणजे तो चिडून म्हणतोय, तेही खाऊन टाका एकदाचं. लेवीय ताजं असल्याशिवाय हा टोमणा कळतच नाही.

मग सगळे गप्प. अभ्यास घेणारे म्हणाले, प्रार्थना करू या. मावशी म्हणाल्या, थांबा. वॉर्डात एकाच केसपेपरवर दोन डॉक्टरांचे दोन शेरे असायचे, एक म्हणायचा औषध चालू ठेवा, दुसरा म्हणायचा हे कुणी दिलं, मी दिलेलं नाही. आम्ही नर्सेस कुठलाच शेरा खोडायचो नाही, कारण पेशंट दोघांचाही असायचा. मी विचारलं, मग औषध द्यायचात की नाही? म्हणाल्या, रात्रपाळीला तेच ठरवावं लागायचं, आणि चहा मागितला.

वाचन पुढे चालू आहे. काही आठवड्यांनी यहेज्केल 20 येतंय. 25वं वचन कुणी वाचलं असेल तर आधीच सांगा, मी खुर्च्या मांडायच्या आत.

शंकेखोर

वाचलंय. "मी त्यांना चांगले नसलेले नियम दिले." 26वंही सोबत वाचा. चहा आधी द्या.